मंदावलेल्या बाजारात घराचे मूल्य : मालकाच्या अंदाजाची मीमांसा

स्थावर मालमत्तेच्या अर्थशास्त्रात एक मूलभूत अडचण अशी आहे की, ज्या वस्तूचे मूल्य ठरवावयाचे ती वस्तू क्वचितच विकली जाते. गहू, कापूस किंवा एखाद्या कंपनीचे भाग ह्यांची किंमत दररोज बाजारात उघड होते. घराचे तसे नाही. एखादे कुटुंब एका घरात दहा-वीस वर्षे राहते आणि त्या काळात त्या विशिष्ट घराची बाजारात एकदाही परीक्षा होत नाही. तरीही मालकाच्या मनात त्याच्या किमतीचा एक आकडा वावरत असतो. कर्ज काढताना, मुलांच्या शिक्षणाची तरतूद करताना किंवा निवृत्तीनंतरच्या खर्चाचा हिशेब मांडताना तो ह्याच आकड्यावर विसंबतो. बहुसंख्य मध्यमवर्गीय कुटुंबांची सर्वांत मोठी मालमत्ता घर हीच असल्यामुळे ह्या आकड्यातील चूक ही किरकोळ चूक राहत नाही.

तेजीच्या काळात ही चूक फारशी जाचत नाही. शेजारची घरे भराभर विकली जातात, त्यांच्या किमती कानी येतात, आणि अंदाज थोडा चुकला तरी चढता बाजार तो काही महिन्यांत खरा करून देतो. बाजार मंदावला म्हणजे मात्र परिस्थिती पालटते. विक्रीचे व्यवहार कमी होतात, म्हणजे नवी माहिती कमी होते. आणि माहिती कमी होताच मालक जुन्या माहितीकडे वळतो. ही जुनी माहिती कोणती, तिचा अंदाजावर कसा परिणाम होतो, आणि अशा अंदाजांवर अभ्यासकाने कितपत विसंबावे, ह्या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. त्यासाठी मुख्य आधार म्हणून अमेरिकेतील बॉस्टन शहराचा १९९० नंतरचा अनुभव घेतला असून, अखेरीस मुंबईच्या बाजाराशी त्याचे जे साम्य दिसते त्याचाही निर्देश केला आहे.

१. मूल्य आणि काळ

‘बाजारमूल्य’ ह्या संज्ञेची रूढ व्याख्या अशी की, व्यवहाराची सक्ती नसलेला आणि पुरेशी माहिती असलेला विक्रेता, तसाच खरेदीदार, ह्यांच्यात वाजवी मुदतीत जी किंमत ठरेल ती. ह्या व्याख्येतील ‘वाजवी मुदतीत’ हे शब्द सामान्यतः दुर्लक्षिले जातात. वस्तुतः मंदीच्या काळातील सारा घोळ ह्याच शब्दांत दडलेला आहे.

धान्याच्या बाजारात मागणी घटली की भाव लगेच उतरतो व माल विकला जातो. घरांच्या बाजारात मागणी घटली की प्रथम विक्रीची संख्या घटते, घर विकले जाण्यास लागणारा काळ वाढतो, आणि किंमत सर्वांत शेवटी व अनिच्छेने उतरते. ह्याची कारणे उघड आहेत. घर नाशवंत नाही. विक्रेता बहुधा त्याच घरात राहत असल्यामुळे न विकण्याचा मार्ग त्याला नेहमी मोकळा असतो. प्रत्येक घर काही अंशी एकमेव असल्यामुळे खरेदीदार एकेक करून येतो आणि त्याच्याशी स्वतंत्र वाटाघाट होते. शिवाय, भाव चढे आहेत असे ज्याला वाटते त्याला ‘मंदीवाल्या’प्रमाणे घर आगाऊ विकून भाव खाली आणता येत नाही.

तेव्हा मंद बाजारात ‘ह्या घराची किंमत किती?’ हा प्रश्न अपुरा ठरतो. ‘तीन महिन्यांत विकावयाचे असल्यास किती, आणि वर्षभर थांबावयाचे असल्यास किती?’ असा तो विचारावा लागतो. तेजीत ह्या दोन उत्तरांत फारसे अंतर नसते. मंदीत ते मोठे असते. बहुतेक मालक पहिल्या प्रश्नाच्या जागी दुसऱ्याचे उत्तर देतात, आणि अनेकदा तेही बरोबर देत नाहीत.

२. मालकांच्या अंदाजांविषयी पूर्वीचे अभ्यास

मालकाने सांगितलेली किंमत कितपत खरी मानावी, हा प्रश्न पाहणी करणाऱ्या अर्थशास्त्रज्ञांना फार पूर्वीपासून पडलेला आहे. लेस्ली किश व जॉन लान्सिंग ह्यांनी १९५४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात घरमालकांचे अंदाज आणि व्यावसायिक मूल्यमापकांचे अंदाज ताडून पाहिले. एकेका घराच्या बाबतीत दोहोंतील तफावत मोठी निघाली. परंतु काही मालक अधिक सांगत होते तर काही उणे, त्यामुळे सरासरी काढली असता फरक थोडाच उरला. जॉन केन व जॉन क्विग्ली ह्यांनी १९७२ साली सेंट लुई शहराच्या सामग्रीवरून साधारणतः असाच निष्कर्ष काढला. ह्या निष्कर्षाने अभ्यासकांना मोठा दिलासा मिळाला. एकट्या मालकाचे म्हणणे विश्वसनीय नसले, तरी हजार मालकांची सरासरी विश्वसनीय आहे, असे गृहीत धरून राष्ट्रीय संपत्तीचे अंदाज बांधले जाऊ लागले.

जॉन गुडमन व जॉन इट्नर ह्यांनी १९९२ साली ह्याहून कठोर कसोटी लावली. मूल्यमापकाचे मतही अखेर मतच असते. म्हणून त्यांनी मालकाने एका पाहणीत सांगितलेली किंमत आणि त्यानंतर थोड्याच काळात तेच घर प्रत्यक्ष विकले गेले ती किंमत ह्यांची तुलना केली. मालक सरासरीने सुमारे ६ टक्के अधिक सांगतात, आणि अधिक-उणे चिन्ह बाजूला ठेवल्यास चुकीचे प्रमाण सुमारे १४ टक्के असते, असे त्यांना आढळले. पुढे ह्यूगो बेनितेस-सिल्वा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वयस्कर अमेरिकन कुटुंबांच्या दीर्घकालीन पाहणीच्या आधारे आणखी एक गोष्ट दाखवून दिली. तेजीच्या दिवसांत घर घेतलेले मालक अधिक फुगवून अंदाज करतात. उलट, व्याजदर चढे असताना व बाजार पडलेला असताना ज्यांनी घर घेतले, त्यांचे अंदाज वस्तुस्थितीच्या पुष्कळ जवळ जातात.

ही शेवटची गोष्ट महत्त्वाची आहे. किश व लान्सिंग ह्यांचा दिलासा एका अटीवर अवलंबून होता. ती अट अशी की, मालकांच्या चुका यदृच्छेने होतात आणि म्हणून एकमेकींना काटतात. चूक जर खरेदीच्या वर्षाशी बांधलेली असेल, तर ही अट मोडते. तेजीच्या शेवटच्या दोन-तीन वर्षांत घर घेणारे मालक पुष्कळ असतात, आणि मंदी आली की ते सारे एकाच दिशेने चुकतात.

३. बॉस्टनचा दाखला

हे नेमके कसे घडते, ह्याचा सर्वांत स्पष्ट पुरावा बॉस्टन शहराच्या मध्यभागातील सदनिकांच्या बाजारातून मिळालेला आहे. १९८० नंतरच्या दशकात मॅसॅच्युसेट्स राज्यात संगणक-उद्योग व वित्तव्यवसाय ह्यांची झपाट्याने वाढ झाली आणि घरांच्या किमती काही वर्षांतच दुपटीहून अधिक झाल्या. १९८९ च्या सुमारास ही तेजी संपली. रोजगार घटला आणि पेढ्यांनी कर्जपुरवठा आखडता घेतला. न्यू इंग्लंड भागातील एक अग्रगण्य पेढी, बँक ऑफ न्यू इंग्लंड, जानेवारी १९९१ मध्ये बुडाली. पुढील तीन-चार वर्षांत सदनिकांच्या किमती एक-तृतीयांशाहून अधिक उतरल्या. त्यानंतर बाजार हळूहळू सावरला आणि १९९७-९८ च्या सुमारास किमती पुन्हा १९८९ च्या पातळीजवळ आल्या.

डेव्हिड जेनेसोव्ह व ख्रिस्तोफर मेयर ह्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९९० ते १९९७ ह्या काळात ह्या भागात विक्रीस काढलेल्या हजारो सदनिकांची माहिती तपासून २००१ साली आपला निबंध प्रसिद्ध केला. त्यांच्या सामग्रीचे वैशिष्ट्य असे की, तीत विकल्या गेलेल्या सदनिकांबरोबरच, विक्रीस काढून नंतर माघारी घेतलेल्या सदनिकाही होत्या. प्रत्येक सदनिका मालकाने केव्हा व किती किमतीस घेतली, तिच्यावर कर्ज किती होते, विक्रीस काढताना किती किंमत मागितली आणि अखेर काय झाले, हे सारे त्यात जुळवून पाहता येत होते.

मंदीच्या तळाशी, १९९२ साली, मालकांनी मागितलेली किंमत ही अपेक्षित विक्री-किमतीहून सरासरीने सुमारे ३५ टक्के अधिक होती, आणि विक्रीस काढलेल्या सदनिकांपैकी ३० टक्क्यांहूनही कमी सदनिका १८० दिवसांत विकल्या गेल्या. १९९७ साली, बाजार सावरल्यावर, हेच आधिक्य सुमारे १२ टक्क्यांवर आले आणि ६० टक्क्यांहून अधिक सदनिका त्याच मुदतीत विकल्या गेल्या. म्हणजे ज्या वर्षी खरेदीदार सर्वांत कमी होते, नेमक्या त्याच वर्षी विक्रेत्यांची अपेक्षा वस्तुस्थितीपासून सर्वांत दूर होती.

४. खरेदी-किमतीचा पगडा

ह्या विसंगतीचे स्पष्टीकरण देताना जेनेसोव्ह व मेयर ह्यांनी डॅनिएल कानेमन व अमोस ट्वर्स्की ह्या मानसशास्त्रज्ञांच्या १९७९ सालच्या सिद्धांताचा आधार घेतला. त्या सिद्धांताप्रमाणे मनुष्य आपल्या संपत्तीची एकूण पातळी मोजत नाही. तो एखाद्या संदर्भबिंदूपासून झालेला लाभ किंवा तोटा मोजतो, आणि तेवढ्याच रकमेच्या लाभाने होणाऱ्या आनंदाच्या मानाने तोट्याचे दुःख त्याला सुमारे दुपटीने अधिक जाणवते. घराच्या बाबतीत हा संदर्भबिंदू म्हणजे बहुधा खरेदीची किंमत होय.

एका काल्पनिक उदाहरणाने हे स्पष्ट होईल. एकाच इमारतीत, एकाच मजल्यावर, सर्वस्वी सारख्या दोन सदनिका आहेत. पहिलीच्या मालकाने ती १९८३ साली ९०,००० डॉलरला घेतली. दुसरीच्या मालकाने १९८९ साली २,००,००० डॉलरला. १९९२ साली अशा सदनिकेची अपेक्षित विक्री-किंमत १,४०,००० डॉलर आहे. खरेदीदाराच्या दृष्टीने ह्या दोन सदनिकांत काहीही भेद नाही. मालकाने पूर्वी किती पैसे दिले, ह्याच्याशी त्याला कर्तव्य नाही. परंतु विक्रेत्यांच्या दृष्टीने भेद आहे. पहिल्याला ५०,००० डॉलरचा लाभ दिसतो, तर दुसऱ्याला ६०,००० डॉलरचा तोटा.

बॉस्टनच्या सामग्रीत आढळले ते असे. तोट्यात असलेला मालक आपल्या संभाव्य तोट्याच्या २५ ते ३५ टक्के एवढी रक्कम मागितलेल्या किमतीत अधिक चढवितो. वरील उदाहरणात ही रक्कम १५,००० ते २१,००० डॉलर होईल. आणि घर विकले गेलेच, तर त्याला खरोखरच काही अधिक किंमत मिळते. ही वाढ तोट्याच्या ३ ते १८ टक्के, म्हणजे ह्या उदाहरणात १,८०० ते १०,८०० डॉलर असते. परंतु कोणत्याही आठवड्यात ते घर विकले जाण्याची शक्यता इतरांच्या मानाने पुष्कळ कमी असते.

हा निष्कर्ष ‘मालक चुकतात’ एवढ्या साध्या विधानात मावत नाही. मागितलेल्या जादा रकमेपैकी काही भाग पदरात पडतो, म्हणजे अडून राहण्याला काही फळ आहे. पण मागितलेले आणि मिळालेले ह्यांतील अंतर, तसेच त्यासाठी घालविलेला काळ, हे त्या फळाचे मोल होय. बहुतेक मालक फळ पाहतात; मोल मोजत नाहीत.

५. हट्ट आणि नाइलाज

येथे एक आक्षेप संभवतो. कमी किमतीस घर न विकणारा प्रत्येक मालक भूतकाळाला चिकटून बसलेला असतो, असे म्हणणे अन्यायाचे होईल. घरावर गहाणकर्ज असते. किंमत उतरल्यावर विक्रीतून कर्जच जेमतेम फिटत असेल, तर पुढच्या घरासाठी लागणारी पहिली रक्कम मालकाजवळ उरत नाही. जेरेमी स्टाइन ह्यांनी १९९५ साली हाच मुद्दा सैद्धांतिक रूपात मांडला. किमती उतरल्या की जुन्या मालकांची स्वतःची रक्कम बुडते, त्यामुळे त्यांना स्थलांतर करता येत नाही, आणि म्हणून व्यवहारांची संख्या किमतींबरोबरच कोसळते. असा मालक चढी किंमत मागतो ती भाबडेपणाने नव्हे. तेवढी मिळाली तरच त्याला हलता येते, न मिळाल्यास तो आहे तेथेच राहणार असतो.

जेनेसोव्ह व मेयर ह्यांनी आपल्या १९९७ सालच्या आधीच्या निबंधात ह्या नाइलाजाचे मोजमाप केले होते. ज्याचे कर्ज घराच्या मूल्याच्या १०० टक्के आहे असा मालक, ८० टक्के कर्ज असलेल्या मालकाहून सुमारे ४ टक्के अधिक किंमत मागतो. त्याच्या घराला विकले जाण्यास सुमारे १५ टक्के अधिक काळ लागतो, आणि विकले गेल्यास त्याला सुमारे ४ टक्के अधिक किंमत मिळते. २००१ सालच्या निबंधात कर्जाचा हा परिणाम वेगळा काढल्यावरही खरेदी-किमतीचा पगडा शिल्लक राहिला. एवढेच नव्हे, तर गुंतवणूक म्हणून सदनिका घेतलेल्या मालकांपेक्षा स्वतः राहणाऱ्या मालकांत तो सुमारे दुप्पट तीव्र होता. गुंतवणूकदारही त्यातून सर्वस्वी मुक्त नव्हते. तथापि जो घराकडे हिशेबाच्या वहीतील एक नोंद म्हणून पाहू शकतो, त्याला तोटा मान्य करणे तुलनेने सोपे जाते, असा अर्थ ह्यातून काढता येईल.

तेव्हा दोन कारणे एकत्र वावरत असतात, आणि त्यांच्यावरील उपाय मात्र भिन्न आहेत. नाइलाज असलेल्या मालकाला अधिक माहिती देऊन काही साधत नाही. त्याला कर्जाची नवी व्यवस्था लागते. केवळ जुन्या आकड्याला धरून बसलेल्या मालकाला मात्र योग्य माहितीचा खरोखर उपयोग होतो.

६. इतर आकड्यांचा प्रभाव

खरेदी-किमतीखेरीज आणखी तीन आकडे मालकाच्या मनावर वजन टाकतात. पहिला, तेजीच्या शिखरावर शेजाऱ्याला मिळालेला आकडा. तो मालकाने प्रत्यक्ष मिळविलेला नसतो. पण ‘तेव्हा विकले असते तर’ ह्या विचाराने तो त्याला आपलाच वाटू लागतो.

दुसरा, इतरांनी मागितलेल्या किमती. ह्यांचा प्रभाव तज्ज्ञांवरही पडतो. ग्रेगरी नॉर्थक्राफ्ट व मार्गारेट नील ह्यांनी ॲरिझोनातील टूसॉन येथे केलेला व १९८७ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग ह्या संदर्भात प्रसिद्ध आहे. त्यांनी विद्यार्थ्यांना आणि धंद्यातील दलालांना एक प्रत्यक्ष घर दाखविले व त्याची तपशीलवार माहिती पुरविली. सर्व माहिती सर्वांना सारखी होती. फक्त मालकाने मागितलेली किंमत निरनिराळ्या गटांना निरनिराळी सांगितली होती. ७४,९०० डॉलर मूल्यमापन झालेल्या घरासाठी ती ६५,९०० पासून ८३,९०० डॉलरपर्यंत होती. ज्यांना चढा आकडा सांगितला त्यांचे अंदाज चढे आले, ज्यांना उतरता सांगितला त्यांचे उतरते. दलालही ह्याला अपवाद ठरले नाहीत, मात्र आपण तो आकडा विचारात घेतला असे त्यांच्यापैकी फारच थोड्यांनी मान्य केले. मंदीत मागितलेल्या किमती वास्तवापासून दूर गेलेल्या असतात हे बॉस्टनच्या दाखल्यात दिसलेच आहे. तेव्हा प्रत्येक मालक इतरांच्या मागण्या पाहून आपली मागणी ठरवू लागला, तर सारे मिळून एकच चूक पक्की करतात.

तिसरा आकडा सरकारी करआकारणीचा. मॅसॅच्युसेट्समध्ये घरपट्टीसाठी घराचे पूर्ण रोख मूल्य धरावे असा नियम आहे. परंतु जुलैत सुरू होणाऱ्या वित्तवर्षासाठी त्या आधीच्या १ जानेवारीचे मूल्य धरले जाते. त्यामुळे वित्तवर्षाच्या अखेरीस मालकाच्या हातात असलेला आकडा सुमारे दीड वर्षापूर्वीचा असतो. उतरत्या बाजारात हा आकडा सरकारी शिक्क्यामुळे विश्वसनीय वाटतो, पण तो भूतकाळच सांगत असतो.

७. न विकलेल्या घरांची साक्ष

ह्यावर असे सुचेल की, मालकाने मागितलेल्या किमती सोडून केवळ प्रत्यक्ष झालेल्या विक्रीच्या किमती पाहाव्या. सल्ला योग्य आहे, पण पुरेसा नाही. एका मोहल्ल्यात चाळीस घरे विक्रीस आहेत आणि वर्षभरात त्यांपैकी दहा विकली गेली, असे समजू. ही दहा घरे चाळिसांचे प्रतिनिधित्व करीत नाहीत. त्यांत उजवी घरे अधिक असण्याचा संभव आहे. ज्यांना नेमके तेच घर हवे होते असे खरेदीदार लाभलेली काही घरेही त्यांत असतील. उरलेल्या तीस घरांना बाजाराने दिलेले उत्तर ‘नाही’ असे होते, आणि हे उत्तर कोणत्याही नोंदणी-पुस्तकात लिहिले जात नाही.

मार्टिन बेली, रिचर्ड म्यूथ व ह्यू नोर्स ह्यांनी १९६३ साली सुचविलेली, आणि कार्ल केस व रॉबर्ट शिलर ह्यांनी १९८० नंतर विकसित केलेली, पुनर्विक्रीवर आधारलेली निर्देशांक-पद्धती एकाच घराच्या दोन विक्रींची तुलना करते. त्यामुळे घराघरांतील गुणभेदाचा प्रश्न पुष्कळसा सुटतो. परंतु न विकल्या गेलेल्या घरांचा प्रश्न तीही सोडवू शकत नाही. व्यापारी मालमत्तेच्या संदर्भात डेव्हिड गेल्टनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली ह्यावर एक मार्ग सुचविला. विक्रीस लागणारा काळ पूर्वीइतकाच ठेवावयाचा झाल्यास किंमत किती उतरावी लागली असती, हे काढावे. ह्या रीतीने मोजल्यास मंदीतील घसरण अधिक खोल व अधिक लवकर आलेली दिसते. दुसऱ्या शब्दांत सांगावयाचे तर, वाढलेला काळ हा किमतीतील न दिसणारा उतार होय.

८. मुंबईच्या बाजाराशी साम्य

मुंबईत २०१४-१५ नंतरची काही वर्षे घरांची विक्री मंदावली आणि न विकलेल्या सदनिकांचा साठा वाढला. परंतु छापील दर त्या मानाने फारसे उतरले नाहीत. बांधकाम-व्यावसायिकांनी दर कायम ठेवून इतर मार्गांनी सवलती दिल्या. मुद्रांकशुल्क स्वतः भरणे, वरच्या मजल्याचा जादा आकार माफ करणे, ताबा मिळेपर्यंतचे व्याज सोसणे, ह्या त्यांतील परिचित तऱ्हा होत. जुनी सदनिका विकू पाहणारा मालक मात्र शेजारच्या नव्या इमारतीचा छापील दर प्रमाण धरतो. त्या दरातून वजा झालेल्या सवलती त्याला दिसत नाहीत.

क्षेत्रफळाच्या निरनिराळ्या मापांनी हा घोटाळा वाढतो. स्थावर संपदा अधिनियमाच्या अंमलानंतर, म्हणजे २०१७ पासून, नव्या प्रकल्पांतील विक्री चटईक्षेत्रावर करणे आवश्यक झाले. जुन्या करारपत्रांत मात्र बांधीव किंवा त्याहूनही विस्तृत असे क्षेत्र लिहिलेले असते. नव्या सदनिकेचा दर चटईक्षेत्राच्या चौरस फुटास ₹२०,००० असताना, ६५० चौरस फूट चटईक्षेत्राच्या मालकाने आपल्या कागदावरील ९०० चौरस फुटांना तो लावला, तर ₹१ कोटी ३० लाखांऐवजी ₹१ कोटी ८० लाख असे उत्तर येते. बाजाराच्या मंदीचा येथे काहीच संबंध नाही. चूक केवळ मापाची आहे. परंतु मंदीत व्यवहार थोडे असल्यामुळे ती उघडकीस येण्यास विलंब लागतो.

नोंदणी व मुद्रांक विभागाचे वार्षिक बाजारमूल्य दर तक्ते, म्हणजे लोकभाषेतील ‘रेडी रेकनर’, हाही असाच एक आकडा. त्यांचा हेतू मुद्रांकशुल्काची आकारणी हा आहे, आणि ते वाढवावे की नाही हा शासनाच्या धोरणाचाही प्रश्न असतो. २०१८-१९ व २०१९-२० ह्या दोन्ही वर्षांत राज्याने हे दर वाढविले नाहीत. शिवाय तक्ता विभागाचा दर देतो. विशिष्ट घराचा उजेड, पाणी, उद्वाहन किंवा सोसायटीतील वाद ह्यांचे मोल तो पूर्णपणे दाखवू शकत नाही. प्रत्यक्ष व्यवहाराची ‘सूची क्रमांक २’ मधील नोंद ह्याहून उपयुक्त असते. तथापि ज्या बाजारात रकमेचा काही भाग कागदाबाहेर देण्याची प्रथा दीर्घकाळ होती, तेथे जुन्या नोंदी सावधपणेच वाचाव्या लागतात.

एक घटना विशेष विचार करण्याजोगी आहे. राज्य शासनाने १ सप्टेंबर २०२० पासून मुद्रांकशुल्क ५ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आणले. १ जानेवारी २०२१ पासून मार्चअखेरपर्यंत ते ३ टक्के होते. मुदत संपत आली तशी मुंबईत नोंदणीची मोठी गर्दी उसळली. ह्याला उतरलेले व्याजदर आणि टाळेबंदीत तुंबलेले व्यवहार हीही कारणे होतीच. तरीही दोन-तीन टक्क्यांच्या सवलतीने एवढी हालचाल व्हावी, ह्यावरून असे दिसते की पुष्कळ ठिकाणी खरेदीदाराचा आकडा व विक्रेत्याचा आकडा ह्यांत फार मोठी दरी नव्हती. ती ओलांडण्यासाठी किंमत ‘उतरविल्या’ची नामुष्की टाळणारे निमित्त हवे होते.

९. थांबण्याचा हिशेब

‘आज नाही तर उद्या, किंमत परत येईलच,’ हे मंदीतील मालकाचे नेहमीचे आश्वासन असते. बॉस्टनमध्ये ते आकड्यापुरते खरेही ठरले. परंतु १९८९ ते १९९७ ह्या आठ वर्षांत अमेरिकेतील ग्राहक-किमतींची पातळी सुमारे २९ टक्क्यांनी वाढली होती. वरील उदाहरणातील मालकाला १९९७ साली २,००,००० डॉलर पुरेपूर मिळाले असते, तरी त्यांची क्रयशक्ती १९८९ च्या सुमारे १,५४,५०० डॉलरएवढीच होती. मुंबईसारख्या ठिकाणी जेथे किमती स्थिर राहतात, तेथे हाच तोटा अधिक गुप्तपणे होतो. पाच वर्षे भाव जैसे थे राहिला आणि महागाई दरसाल ५ टक्के असली, तर घराचे खरे मूल्य १०० वरून सुमारे ७८ वर येते. परंतु मालकाला ‘किंमत उतरली नाही’ असेच वाटते.

थांबणे सर्वांनाच सारखे महाग पडते असे नव्हे. जो त्याच घरात राहत आहे आणि ज्याला हलण्याची निकड नाही, त्याला थांबण्याच्या काळात घराचा उपभोग मिळतो. त्याचे थांबणे पुष्कळदा शहाणपणाचेही असते. ज्याची नोकरी दुसऱ्या शहरात गेली आहे, ज्याने दुसरे घर घेतले आहे, किंवा ज्याला आजारपणासाठी रक्कम हवी आहे, त्याची गोष्ट वेगळी. रिकाम्या घराचे व्याज, कर व देखभाल मिळून दरमहा १,२०० डॉलर खर्च होत असेल, तर अडून राहिल्याने मिळणारी १०,८०० डॉलरची कमाल वाढ नऊ महिन्यांत संपते, आणि १,८०० डॉलरची किमान वाढ दीड महिन्यात. बाजार त्या काळात आणखी उतरला तर तो तोटा निराळाच.

१०. निष्कर्ष

वरील विवेचनावरून दोन निष्कर्ष निघतात. पहिला मालकाच्या उपयोगाचा आहे. मंद बाजारात आपल्या घराचे मूल्य ठरविताना त्याने खरेदीची किंमत, शिखरावरचा भाव, इतरांच्या मागण्या व सरकारी तक्ता हे चारही आकडे प्रथम बाजूला ठेवावे. गेल्या काही महिन्यांत खरोखर विकलेली घरे, विक्रीस काढून न विकलेली घरे आणि त्यांना लागलेला काळ, ह्या तीन गोष्टी एकत्र ठेवून, आपल्याला थांबता येईल त्या मुदतीसह आकडा ठरवावा. खरेदीदार मालकाचा इतिहास विकत घेत नाही, ही साधी गोष्ट त्याला अखेर मान्य करावी लागते. ती आधी मान्य केल्यास निर्णय त्याच्या हातात राहतो. उशिरा केल्यास तो बहुधा कर्ज देणाऱ्याच्या किंवा निकडीच्या हाती जातो.

दुसरा निष्कर्ष अभ्यासकाच्या उपयोगाचा आहे. मालकांनी सांगितलेल्या मूल्यांची सरासरी तेजीत व स्थिर काळात वापरण्यास हरकत नाही. मंदीत मात्र ह्या चुका एकमेकींना काटत नाहीत, त्या खरेदीच्या वर्षाप्रमाणे एका बाजूस झुकतात. म्हणून कौटुंबिक संपत्तीच्या कोणत्याही पाहणीत घराच्या सांगितलेल्या मूल्याबरोबर खरेदीचे वर्ष, खरेदीची किंमत आणि शिल्लक कर्ज हे तीन प्रश्न विचारले गेले पाहिजेत. ते विचारले नाहीत, तर ज्या काळात कुटुंबांची संपत्ती खरोखर घटत असते, त्याच काळात ती शाबूत असल्याचा दाखला आकडेवारी देत राहील, आणि त्या दाखल्यावर आखलेले धोरण ज्यांना साहाय्याची गरज आहे त्यांच्यापर्यंत उशिरा पोहोचेल.